रुतिलिओचा सदरा

ओबदुलियाचा फोन आला तेव्हा मी मासे साफ करत होते. मे महिना होता. मे महिन्यात आमच्या सिपोलितेत, या समुद्रकाठच्या गावात, कुत्रंही फिरकत नाही. उकाडा असतो, पाण्याची बोंब असते, आणि म्हणूनच सगळं निम्म्या भावात मिळतं. तिने आधी तेच विचारलं, सगळ्यात स्वस्त काय आहे.

"झावळ्यांच्या छपराखाली जाळीचा झुला," मी म्हटलं. "मच्छरदाणी आहे, सामानाला कुलुपाची पेटी आहे. संडास-न्हाणी सगळ्यांना मिळून एक. चूल वापरा, त्याचे पैसे नाहीत."

"दोन झुले हवेत. सोमवार ते शुक्रवार." मग तिचा आवाज खाली गेला. "ताई, तिथे खरंच कपडे काढून फिरतात का हो?"

"किनाऱ्यावर फिरतात. रस्त्यावर आणि दुकानात अंगावर काहीतरी हवं. आणि माझ्या खुर्चीवर पंचा टाकल्याशिवाय कोणी उघडं बसायचं नाही, मग तो कोणी का असेना."

"आणि नाही काढले तर?"

"तर कोणी ओढून काढत नाही, बाई."

ती हसली. मग म्हणाली, "माझ्या नवऱ्याला यातलं काही माहीत नाही. मी त्याला शेजारचं पुएर्तो आन्हेल सांगितलंय. तुम्ही काही बोलू नका. आल्यावर मी बघून घेईन."

मी कशाला बोलतेय. वीस वर्षं मी ही जागा चालवते आहे. चार खोल्या, आठ झुले, एक स्वयंपाकघर. नवऱ्याला फसवून आणलेल्या बायका आणि बायकोला फसवून आणलेले नवरे मी रग्गड पाहिलेत. बहुतेक दुसऱ्या दिवशी भांडून जातात आणि भाडं मात्र पूर्ण देतात.

सोमवारी सकाळी ती दोघं आली. आपिसाकोहून ओआहाकापर्यंत रात्रीची बस आणि तिथून डोंगर उतरून येणारी व्हॅन, असा प्रवास करून. ओबदुलिया बुटकी, चटपटीत, पन्नाशी ओलांडलेली. नवरा रुतिलिओ रुंद खांद्यांचा, पांढऱ्या मिशांचा. त्याच्या हातांवर कोपरापर्यंत जुन्या भाजल्याचे डाग होते. पोरवयापासून भट्टीवर पाव भाजणारा माणूस. त्याच्या खांद्यावर सुतळीने बांधलेलं खोकं होतं, त्यात पाच दिवस पुरतील एवढे पाव, कॉफी, काळा घेवडा. हॉटेलात जेवायचं नाही असं घरूनच ठरवून आले होते. आणि त्या उकाड्यात त्याच्या अंगात लांब बाह्यांचा पांढरा सदरा, गळ्यापर्यंत बटणं लावलेला, मापाने दोन माणसांचा.

छपराखाली आब्सालोन बसला होता. आब्सालोन माझा कायमचा भाडेकरू, तिएर्रा ब्लांकाच्या रेल्वे यार्डात गाड्यांचे रूळ बदलणारा सांधेवाला म्हणून निवृत्त झालेला. एकाहत्तर वर्षांचा, डोक्यावर गवती हॅट, नाकावर चष्मा. याव्यतिरिक्त काही नाही. स्वतःशीच डॉमिनो खेळत होता. पाहुणे दिसल्यावर तो रीतीप्रमाणे उठला आणि त्याने हात पुढे केला.

रुतिलिओने छपराकडे बघत तो हात हातात घेतला. मग बायकोकडे वळला.

"ओबदुलिया, हा माणूस नागडा आहे."

"हो, दिसतंय."

"तुला दिसतंय?"

"समोरच उभा आहे तर काय करू, म्हाताऱ्या."

रुतिलिओ खोकं खाली ठेवून समोर वाळूपर्यंत गेला. तिथून त्याने डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. मोसम नसला तरी पाच-सहा माणसं असतातच. तो परत आला.

"तू मला पुएर्तो आन्हेल सांगितलंस."

"पुएर्तो आन्हेल त्या टेकडीपलीकडेच आहे. इथे स्वस्त पडतं."

"आपण परत चाललोय."

"शुक्रवारी," ओबदुलिया म्हणाली. "तिकिटं स्वस्तातली आहेत, बदलून मिळत नाहीत. मी विचारलंय." आणि ती खोक्याची सुतळी सोडायला बसली.

तो सोमवार आणि निम्मा मंगळवार रुतिलिओने वाळूवर, ताडाच्या सावलीत काढला. लांब सदरा, काळी पँट, बूट आणि मोजे, पाठ समुद्राकडे. साडेतीनशे मैलांवरून समुद्र बघायला आलेला माणूस माझी भिंत बघत बसला होता. गंमत अशी, की आमच्याकडे उघड्या माणसाकडे कोणी बघत नाही, पण या कपडेवाल्याकडे सगळा किनारा बघायला लागला. मंगळवारी सकाळी अशी वदंता पसरली की हा करखात्याचा माणूस आहे. नारळवाल्या पेत्रोनिलाने तिची गाडी झाडामागे नेऊन ठेवली.

शेवटी आब्सालोन त्याच्यासमोर जाऊन उभा राहिला. "साहेब, तुमच्यामुळे गरिबांचा धंदा बसलाय. निदान बूट तरी काढा."

"मी साहेब नाही. पाववाला आहे."

"मग मास्तर म्हणतो. मास्तर, बूट काढा."

रुतिलिओने थोडा विचार केला आणि बूट काढले. मोजेही काढले, ते नीट गुंडाळून बुटांत ठेवले. मंगळवारची प्रगती एवढीच.

दुपारी ओबदुलिया माझ्या स्वयंपाकघरात आली. मी तांबोशीचे खवले काढत होते, तिने न विचारता दुसरी सुरी घेतली. हात चांगला चालत होता तिचा. दोन मासे झाल्यावर म्हणाली, "तुम्हाला वाटत असेल मी काय बाई आहे."

"मला काही वाटत नाही. मी फक्त भाडं घेते."

"त्याला आतड्याचा कॅन्सर झाला होता. दोन वर्षं झाली. काढला. आता पोटावर भोक आहे आणि त्यावर पिशवी. सगळं त्यातूनच बाहेर येतं. आता जन्मभर तसंच." ती सुरी चालवत राहिली. "दोन वर्षांत मी माझ्या नवऱ्याचं पोट पाहिलेलं नाही, ताई. कडी लावून न्हाणीत बसतो. तास तास. मी बाहेर उभी राहून नळाचा आवाज ऐकते. रात्री वेगळा झोपतो. भट्टीवर उघड्या अंगाने उभा राहायचा हो तो, छातीवर पीठ, मोठमोठ्याने गाणी. आता घामाने पिशवीचा चिकट भाग सुटतो म्हणून भट्टी पुतण्याकडे दिली आणि हा गल्ल्यावरही बसत नाही. कोणाला वास आला तर, म्हणतो."

"डॉक्टर काय म्हणतात?"

"म्हणतात, बरा झालाय. मी विचारलं, मग हा असा का वागतो? तर म्हणाले, ते आमच्या खात्यात येत नाही."

मी मीठ चोळत होते. ती पुढे म्हणाली, "माझी भाची इथे येऊन गेली होती. तिने सांगितलं, तिथे कोणी कोणाकडे बघत नाही. मला वाटलं, जिथे सगळेच उघडे, तिथे त्याला लपायचा कंटाळा येईल."

तिला खोटी आशा लावावी असं मला वाटलं नाही. "इथे येऊन कोणी बदलत नाही, बाई," मी म्हटलं. "घरी असतो तसाच माणूस इथे असतो. फक्त ऊन जास्त लागतं."

"ऊन तरी लागू दे," ती म्हणाली.

बुधवारी दुपारी जे व्हायला नको होतं ते झालं. पाण्याचा टँकर रविवारपासून आला नव्हता. मी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, जपून वापरा. पण उकाडा असा की माणूस दिवसातून तीनदा अंगावर पाणी घेतो, आणि बारा वाजता गच्चीवरची टाकी कोरडी पडली. त्याच वेळी आम्ही जेवायला बसलो होतो. रुतिलिओ आणि ओबदुलिया त्यांचा घेवडा आणि माझ्या मक्याच्या भाकऱ्या, आब्सालोन माझा मासा, आणि पलीकडे ग्वादालाहाराच्या दोन मुली, त्यांची चूल वेगळी. आब्सालोन यार्डातल्या कुठल्यातरी अपघाताची गोष्ट सांगत होता. रुतिलिओ मध्येच उठला. पोटावर हात दाबून उठला, खुर्ची मागे पडली, आणि तो संडासाकडे गेला. पांढऱ्या सदऱ्यावर तळहाताएवढा डाग होता आणि तो पसरत होता.

मुलींनी ताटात मान घातली. आब्सालोनने खुर्ची उचलली, आपल्या पंच्याने पुसली आणि जागेवर ठेवली. त्याला गप्प बसलेला मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला.

आतून नळ फिरवल्याचा आवाज आला. मग परत फिरवल्याचा. पाणी कुठलं यायला.

मी दोन बादल्या घेऊन शेजारच्या विहिरीवर धावले. तिचं पाणी मचूळ आहे, पण धुण्यापुरतं चालतं. परत आले तर ओबदुलिया दारासमोर जमिनीवर बसली होती.

"रुतिलिओ, पाणी आलंय. दार उघड."

"बादल्या तिथे ठेव आणि तुम्ही सगळे जा."

"बादली उचलशील कुठल्या हाताने? एका हाताने पोट धरलंयस ना?"

ओबदुलियाने दारावर बोटं वाजवली.

"उघड, म्हाताऱ्या."

"तुला वास येईल."

"तुझ्या आईचं मी चार वर्षं केलं," ओबदुलिया म्हणाली. तिचा आवाज चढलेला नव्हता. "तीन पोरांचं केलं. तुझ्या बापाला शेवटी काय काय झालं होतं ते तुला माहीत नाही, कारण तू भट्टीवर होतास. मला वासाचं काय सांगतोस?"

"म्हणूनच," तो आतून म्हणाला.

"काय म्हणूनच?"

मी जायला हवं होतं, पण बादल्या हातात होत्या आणि खाली ठेवल्या असत्या तर आवाज झाला असता. तशीच उभी राहिले.

"सगळ्यांचं झालं तुझं करून," रुतिलिओ म्हणाला. "आईचं झालं, पोरांचं झालं. म्हटलं आता तरी हिचे हात सुटले. आणि आता माझं? परत तेच? मी ठरवलं होतं, माझं मीच करणार."

ओबदुलियाने कपाळ दाराला टेकवलं. "मला विचारलंस का तू?"

"काय विचारायचं त्यात."

"दोन वर्षं मी समजत होते, तुला मी नकोशी झालेय. दोन वर्षं, रुतिलिओ. आरशात बघत होते, माझं काय बिघडलंय म्हणून. आणि तू माझ्यावर उपकार करत होतास?"

आत काहीतरी पडल्याचा आवाज झाला, बहुतेक साबणाचा डबा. मग कडी सरकली. ओबदुलियाने माझ्याकडे न बघता हात मागे केला, मी बादल्या तिच्या हाताशी दिल्या, ती आत गेली आणि तिने दार लावून घेतलं. मी जेवायच्या जागी येऊन मुलींना म्हटलं, थोडा वेळ समुद्रावर जाऊन या. त्या आधीच उठल्या होत्या.

तासाभराने ओबदुलिया एकटी बाहेर आली. तिच्या हातात तो सदरा होता, पिळलेला. "कातडी सोललीय सगळी," ती म्हणाली. "लालभडक. आणि पोटाला चिकटवायच्या चकत्या तीनच आणल्या होत्या, या उकाड्यात एक दिवसही टिकत नाहीत. आता एकच उरलीय. कुठे मिळतील?"

मिळणार कुठे? आमच्या गावात ताप उतरायची गोळी मिळाली तरी नशीब. पण पुएर्तो आन्हेलच्या दवाखान्यात ब्रिहिदा नावाची नर्स आहे, तिला मी ओळखते. आम्ही तिघं फळ्यांवर बसवून नेणाऱ्या टेम्पोने तिकडे गेलो. रुतिलिओने आब्सालोनचा एक चौकड्यांचा शर्ट घातला होता. आब्सालोनकडे शर्ट आहे हेच मला त्या दिवशी कळलं.

ब्रिहिदाने त्याला झोपायला सांगितलं आणि आम्हा दोघींना म्हणाली, "तुम्ही बाहेर थांबा."

मी निघाले. रुतिलिओ म्हणाला, "हिला राहू द्या." आणि ओबदुलियाकडे बोट केलं, जणू तिथे आणखी कोणी ओबदुलिया होती.

पडद्याबाहेर मला सगळं ऐकू येत होतं. ब्रिहिदा बोलताना कोणाचं भय बाळगत नाही. "हे किती दिवस झाकून ठेवलंय? कातडीला हवा नको लागायला? हा काय प्रकार आहे, वर पिशवी, त्यावर पट्टा, त्यावर बनियन, त्यावर सदरा. आणि तो सदरा कोणी शिवला, तंबूवाल्याने?" मग जरा मऊ आवाजात, "ऐका बाबा. रोज सकाळी पोट साफ झालं की पिशवी काढायची. साध्या पाण्याने पुसायचं, आणि अर्धा तास उघडं ठेवायचं. वर एक स्वच्छ फडकं नुसतं टेकवायचं. सकाळचं कोवळं ऊन लागलं तर चांगलंच. मग नवीन लावायची."

"समुद्रात जाऊ शकतो का हो?" ओबदुलियाने विचारलं.

"सकाळी नवीन लावल्यावर एक तास थांबायचं आणि जायचं. किनाऱ्यावर धोक्याचा लाल बावटा लावला असेल तर जायचं नाही. पण ते सगळ्यांनाच लागू आहे."

तिच्याकडे चकत्या नव्हत्या. तिने पोचुत्लाच्या मोठ्या इस्पितळात फोन लावला, तिथून दुसरीकडे, आणि चौथ्या फोनला एका वॉर्डातल्या नर्सने सांगितलं की एका पेशंटच्या घरच्यांनी उरलेलं खोकं देऊन ठेवलंय, कोणीतरी येऊन घेऊन जा. संध्याकाळी आब्सालोन गेला. कोणी सांगितलं नव्हतं. त्यासाठी त्याला पँट घालावी लागली, आणि त्याची पँट दोन वर्षांत एवढी आवळली होती की वरचं बटण सोडून दोरीने बांधून तो गेला. परत आल्यावर त्याने खोकं टेबलावर ठेवलं.

"नऊ आहेत. भोक आपल्या मापाने कापून घ्यायचं म्हणे. आणि मास्तर, तुमच्यासाठी मी पँट घातली हे विसरू नका. माझ्या बहिणीच्या लग्नातही मी एवढा त्रास काढला नव्हता."

रुतिलिओने खोकं दोन्ही हातांनी धरलं. "काय द्यायचं तुम्हाला?"

"डॉमिनो खेळा माझ्याशी. स्वतःला हरवून कंटाळलोय."

गुरुवारी सकाळी मी वाळूवर झाडू मारत होते. सिपोलितेच्या एका टोकाला खडकांच्या आड एक लहानसा किनारा आहे, दोघं तिकडे गेलेली मला दिसली. थोड्या वेळाने लक्षात आलं, स्वच्छ फडक्यांची पिशवी ओबदुलिया माझ्या ओट्यावर विसरून गेलीय. मला तिकडे जायचं नव्हतं, पण गेले.

रुतिलिओ वाळूवर उताणा पडला होता. वरचं अंग उघडं. छाती पांढरी, हात आणि मान तेवढी काळपट. पोटाच्या डाव्या बाजूला ते होतं, गुलाबी, मोठ्या नाण्याएवढं, भोवतीची कातडी चिडलेली. ओबदुलिया शेजारी बसून हॅटने त्याच्या तोंडावर सावली धरून होती. मला बघून त्याचा हात पोटाकडे गेला. निम्म्यात थांबला. मग त्याने तो परत वाळूवर ठेवला.

"नर्सने सांगितलंय," तो म्हणाला.

"मी कुठे काय म्हटलं," मी म्हटलं आणि फडकी दिली.

"बघा ना," ओबदुलिया मला म्हणाली, "किती घाबरवलं होतं याने मला. मी काय काय डोळ्यांपुढे आणलं होतं. आणि हे एवढंसं."

"एवढंसं?" रुतिलिओ म्हणाला. "तुझ्या पोटावर असतं म्हणजे कळलं असतं."

"माझ्या पोटावर असतं तर मी साऱ्या आपिसाकोला दाखवत फिरले असते आणि भाजीवाल्याकडून भाव कमी करून घेतला असता."

तो हसला. हसताना पोट हललं तसं तिने घाईने फडकं धरलं, आणि मग दोघंही हसायला लागली. मी निघून आले.

खरी पंचाईत तासाभराने झाली. नवीन पिशवी लावली होती, तास संपला होता, बावटा पिवळा होता, समुद्र आमच्या समोर बऱ्यापैकी शांत होता. पण रुतिलिओकडे पोहायची चड्डी नव्हती. तो माझ्याकडे विचारायला आला, शर्ट हातात घेऊन, पोटावरची पिशवी तशीच, हे त्याच्या लक्षातही नव्हतं. मी त्याला रस्त्यावरचं दुकान दाखवलं. तो जाऊन आला.

"अडीचशे पेसो," तो म्हणाला. "एवढ्याशा कापडाचे. माझ्याकडे पँटी दोन. एक काल खराब झाली, ती वाळतेय. ही भिजवली तर उद्या बसमध्ये काय घालू?"

"मग हीपण काढा," आब्सालोन डॉमिनोवरून मान न उचलता म्हणाला. "फुकट आहे."

रुतिलिओने ओबदुलियाकडे पाहिलं. तिने आकाशाकडे पाहिलं. मला वाटतं, त्या घडीला लाज आणि अडीचशे पेसो यांची चांगलीच झटापट झाली असेल. जन्मभर पाव विकून पैसा जोडलेला माणूस. पैसे जिंकले.

तो पाण्याकडे चालत गेला तेव्हा किनाऱ्यावर आठ-दहा माणसं असतील. मी ओट्यावरून बघत होते. कोणी मान वळवली नाही. कुत्रा घेऊन फिरणारी एक मुलगी त्याच्याजवळून गेली, थांबली, आणि पोटाकडे बोट करून तिने काहीतरी विचारलं. त्याने उत्तर दिलं. ती मान हलवून पुढे गेली. नंतर मी त्याला विचारलं, काय म्हणाली?

"म्हणाली, पाण्यात ते सुटत नाही का. मी म्हटलं, तेच बघायला चाललोय."

नाही सुटलं. गुडघाभर पाण्यात तो आधी नुसता उभा राहिला, लाट आली की पोटावर हात, लाट गेली की हात बाजूला. पाचव्या-सहाव्या लाटेला हात गेला नाही. मग तो तिथेच खाली बसला, छातीपर्यंत, आणि ओबदुलियाला हाका मारायला लागला. ती तिच्या फुलाफुलांच्या झग्यासकट पाण्यात शिरली. आम्ही गावातल्या बायका अंगात कपडे ठेवूनच उतरतो, म्हणून मला त्यात काही वाटलं नाही. पण रुतिलिओला वाटलं. त्याचा आवाज ओट्यापर्यंत आला, "मला इथे फसवून आणलंस, आणि स्वतः?"

पुढचं मी पाहिलं नाही, मला भाकऱ्या करायच्या होत्या. दुपारी दोरीवर फुलाफुलांचा झगा वाळत होता आणि ओबदुलियाची पाठ टोमॅटोसारखी लाल झाली होती. रुतिलिओ तिला कोरफडीचा गर लावत होता. पीठ मळतात तसा, तळहाताच्या मुळाने, सावकाश. ती ओरडत होती, हळू, मी कणीक नाही.

शुक्रवारी ती गेली. विशेष काही झालं नाही. भाडं चुकतं केलं, उरलेले चार पाव मला दिले, ते दगड झाले होते, मी दुधात भिजवून खाल्ले. व्हॅनमध्ये बसताना रुतिलिओने तो ढगळ सदरा पँटीत खोचला होता, पिशवीचा फुगवटा दिसत होता.

ओबदुलियाचे निरोप येतात अधूनमधून. सगळं गोड आहे असं नाही. ऑगस्टमध्ये त्याला जखमेच्या बाजूला गळू झालं, आठवडाभर इस्पितळात होता आणि घरी आल्यावर परत दार लावून बसला. तिसऱ्या दिवशी तिने कडीच काढून टाकली, पेचकसाने. आता आठवड्यातून तीन दिवस सकाळी तो भट्टीवर जातो. पुतण्याने त्याच्या जागेसमोर मोठा पंखा बसवलाय आणि त्या पंख्याने पीठ उडतं म्हणून दोघांत रोज वाद होतो. ती हे सांगते तेव्हा मागून रुतिलिओ ओरडून तिची चूक काढतो, पीठ पंख्याने नाही उडत, पोरगाच चुकीच्या ठिकाणी चाळतो.

जानेवारीत आब्सालोन त्यांच्याकडे जाऊन आला. आपिसाको रेल्वेचं गाव आहे, आणि रुतिलिओने त्याला सांगितलं होतं की तिथे जुनं इंजिन ठेवलंय. तिकडे थंडी भयंकर. ओबदुलियाने त्याला तीन स्वेटर घातले, एकावर एक, वर रुतिलिओचा कोट. निजायला मोठी खोली दिली होती म्हणे, मुलाची, जिथे रुतिलिओ वेगळा झोपायचा; ती आता रिकामीच असते. आठ दिवसांतले चार दिवस तो आणि रुतिलिओ त्या इंजिनासमोर उभे होते आणि आब्सालोन त्याला सांधा कसा बदलतात ते समजावत होता. रुतिलिओला काही कळलं नसावं, पण तो ऐकत होता.

आब्सालोन एक फोटो घेऊन आलाय. इंजिनाच्या चाकापाशी तिघं उभी आहेत. ओबदुलियाचे डोळे मिटलेले, रुतिलिओ काहीतरी बोलताना तोंड उघडं राहिलेलं, आणि आब्सालोन एवढ्या कपड्यांत की मी त्याला आधी ओळखलंच नाही. तिघांतलं एकही नीट आलेलं नाही. मी तो स्वयंपाकघरात मिठाच्या बरणीमागे फळीवर लावलाय.